कडावची कुत्रेवाली

हॅलो?… हॅलो?… कोण बोलतंय?… जरा जोरात बोला, इथं कलिंगड कापलंय, सगळे एकदम बोंबलतायत…

अगं ललिता! तू व्हय? मंग असं चोरासारखं काय बोलतेस? घसा बसला काय?… बरं बरं. थांब, फोन खांद्याला धरते. हात चिकट झालेत माझे.

ए! खाली बस. बस म्हणलं ना? आधी म्हातारीचं, मंग तुझं.

नाय गं, तुला नाय! कुत्र्याला म्हणतेय… जिंजर नाव हाय त्याचं. मी आल्या म्हणते. मालकाला चालतं, त्याला चालतं, तुला काय?… कुणाचं म्हणजे? ठाण्याच्या पार्टीचं. आज नऊ हायत माझ्याकडं. नऊ! शनिवार ना आज. हे रिसॉर्टवाले कुत्र्यांना आत घेत नाय, मंग पावणे आणून सोडतात माझ्याकडं. सकाळपासून तीन गाड्या लागल्या दारात. आणि ती समोरची जना… हो, तीच, आमी कुत्री ठेवायला लागलो तेव्हा नाकाला पदर लावून जायची… ती आता काय करते, सांगू? ओट्यावर बसून गाड्यांना वाट दाखवते. 'कुत्रेवाल्या छायाबाई ना? आंब्याकडनं डावीकडं.' कुत्रेवाल्या बाई! अगं, सुरुवातीला राग यायचा. आता नाय येत. आता मीच कुणी विचारलं तर तसंच सांगते.

हो, हो… ऐकतेय गं, बोल ना. काय विचारायचंय?… विचार की. पण आधी माझं एक ऐक, मंग विसरेन मी.

ती मुलुंडची बाई नाय का, तिची म्हातारी कुत्री… अगं तीच, तुला फोटो धाडला होता, एक डोळा पांढरा झालेली… ती दोन दिवस अन्नाला तोंड लावत नव्हती. बाई रडकुंडीला आलेली. म्हणाली, छायाबाई, परत घेऊन जाऊ का? मी म्हणलं, तुमी खुशाल जा. पपई घेतली. आपल्याच परसातली. बिया सगळ्या खरवडल्या, साल काढली, बोराएवढे तुकडे केले, आणि मांडी घालून बसले तिच्याशेजारी. अर्धा तास. काय बोलले नाय, काय नाय. अर्ध्या तासानं नाक पुढं आलं. मंग जीभ. ललिता, एकेक तुकडा माझ्या हातातनं घेतला गं तिनं, ओठांनी, दात न लावता. आता बग, आज पुन्हा आलीय तर कलिंगडाला पहिला नंबर तिचा.

काय?… नाय, कलिंगडाच्या बिया काढूनच देते. साल पण नाय. आणि थोडंच हां, पोटभर नाय. फळ म्हणजे चवीला. जेवण निराळं.

हो, हो… अगं ऐक ना, एवढंच सांगते आणि मंग तू बोल. आमच्या मागच्या दरवाजावर मी खडूनं लिहिलंय ना, द्यायचं काय आणि नाय द्यायचं काय… ते परवा डॉक्टरबाईंनी बघितलं. नेरळच्या. लस टोचायला आल्या होत्या. उभ्या राहून सगळं वाचलं. मला वाटलं, आता चुका काढणार. तर मोबाईल काढला, फोटो घेतला, आणि मोठा करून दवाखान्यात लावलाय! भिंतीवर! मी म्हणलं, बाई, छापून तरी घ्यायचं, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तर म्हणाल्या, 'नाही, हेच राहू दे, हे सगळ्यांना कळतं.' सातवी नापास बाईचं अक्षर, ललिता, दवाखान्याच्या भिंतीवर! शाळेतल्या गुरुजींनी बघायला पायजे होतं…

हां, सांगते की काय लिहिलंय. सगळं तोंडपाठ हाय मला. केळं चालतं, थोडं. सफरचंद चालतं, पण बिया आणि मधला दांडा काढून. पेरू पिकलेला, एखादी फोड. चिकू बी काढून. सीताफळ मी देतच नाय, त्याच्या बियांची भीती वाटते. आंबा दिला तर नुसता गर. साल नाय, आणि कोय… कोय तर अजिबातच नाय. तुला काय सांगायचं ते.

आणि सगळ्यात वर, लाल खडूनं, दोन रेघा मारून काय लिहिलंय?…

काय म्हणालीस?…

अगं हो! द्राक्षं! तुला कसं ठाऊक?… द्राक्षं आणि बेदाणे, मनुका. ताजी नाय, सुकी नाय, एकपण नाय.

का म्हणजे? कुत्र्याच्या किडन्या बंद पडतात त्यानं. सगळ्यांच्या पडतीलच असं नाय, पण कुणाच्या पडतील ते आधी कळत नाय ना. डॉक्टरबाई म्हणतात, एखाद्याला ओंजळभर खाऊन काय होत नाय, आणि एखाद्याला दहा-बारांत जीव जातो. आणि लगेच दिसत नाय गं काय. आज उड्या मारेल, खेळेल. उद्या ओकारी, परवा लघवी बंद. तेव्हा धावपळ करून काय उपयोग?…

ललिता?… हॅलो?… लाइन गेली काय… ललिता?

हां, हायस ना. 

तू का विचारलंस हे?

…कुणाचं कुत्रं?

तुमच्या घरात कुठनं आलं कुत्रं? तुमच्या बिल्डिंगमधी तर… कोण?… भाग्यश्री कोण?

रूपेशची?… तुझ्या पोराची म्हणजे?…

रूपेशचं ठरलं?

…कधी?

बरं… नाय, नाय, काय नाय. ऐकतेय मी. बोल तू.

आज?… पूजा?… नव्या घराची?… अगं पण तू तर म्हणाली होतीस, पूजा पुढं ढकलली. पाडव्याला मी विचारलं तुला. म्हणलं, कधी करतेस, केळीचे खांब मी आणते आमच्या बांधावरचे. तू म्हणालीस, आता नाय जमत, दिवाळीनंतर बघू.

…हं.

रडू नको. ललिता, रडू नको म्हणते ना. ते मागनं बोलू. मागनं बोलू! मी कुठं पळून जात नाय, आणि मला काय वाटायचं ते वाटू दे. आधी कुत्र्याचं सांग. काय खाल्लं त्यानं?

प्रसाद.

शिरा… हां. आणि पंचफळातली द्राक्षं?… किती?… आठवून सांग. सहा?… नक्की सहा?… बोटांनी मोजून दिलीस ना, का घोसच ठेवलास पुढं?… बरं. सहा.

अगं मला नको समजावूस गं. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आलेला जीव प्रसादाशिवाय जाऊ द्यायचा नाय, हे मला माहीत नाय काय? माझी पण आई होती ती. दारावर आलेल्या मांजराच्या पुढंसुद्धा द्रोण ठेवायची. तुझं चुकलं नाय त्यात. तुला ठाऊक नव्हतं. पण आता ठाऊक झालं ना.

अवो! अवो, इकडं या जरा! पाइप राहू दे तो! तुमच्या मोबाईलवरनं डॉक्टरबाईंना लावा… नेरळच्या, दुसऱ्या कोण?… सांगा, छायाचं अर्जंट हाय. कुत्र्यानं द्राक्षं आणि बेदाणे खाल्लेत. आमचं नाय. ललिताकडं, शेलूला. हो, ललिताकडं. नंतर विचारा काय विचारायचं ते!

हां, ललिता. किती वाजता दिलास प्रसाद?… आरतीनंतर लगेच?… आरती कधी झाली?… एक वाजता. अवो, वाजले किती?… पावणेदोन. म्हणजे पाऊण तास.

आणि त्यातली दहा मिनिटं मी खाल्ली. तू विचारायला फोन केलास आणि मी पपईची टिमकी वाजवत बसले. मेलीनं गप तरी बसायचं!… नाय, तुला नाय, मलाच म्हणतेय.

आता शिऱ्याचं सांग. बेदाणे किती गेले असतील त्याच्या पोटात?… माहीत नाय म्हणून कसं चालेल, डॉक्टरबाई तेच विचारणार पहिलं. बरं थांब, मी काढते. शिरा आईच्या मापानंच केलास ना?… सव्वा किलो रवा?… मंग बेदाण्याच्या पाच मुठी. आई तशाच घालायची. तुझी मूठ लहान, तू सहा घातल्या असशील… घातल्यास ना? मला ठाऊक होतं. आणि वर शोभेला पण लावले असशील, पावणे आलेत म्हणून… हां. त्याला दिलास तो केवढा? द्रोणभर?… सपाट की शीग लावून?… आणि वरचे शोभेचे पण त्याच्या द्रोणात आले?… तूच वेचून घातलेस. लाड म्हणून. अगं देवा.

वीस धर. वीसपेक्षा कमी नाय.

अवो, सांगा बाईंना, वीस बेदाणे, सहा द्राक्षं, पाऊण तास झाला… काय म्हणतात?… वजन? ललिता, कुत्रं केवढं हाय?… छोटं म्हणजे? तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीएवढं, का दहाच्या?… तू उचलून घेतलंस ना मघाशी, मंग सांग की! किती पिशव्या उचलल्या असशील जन्मात… पाचपेक्षा थोडं जड. सहा. सहा किलो, अवो!… आणि आता करतंय काय?… चेंडू खेळतंय? खेळू दे. ओकलं का?… नाय. लघवी?… बरं.

हां… हां… बाई काय म्हणतात?… लगेच आणा. लगेच. आत्ता पोट रिकामं करता येतं, उशीर झाला की रक्तात जातं. ललिता, ऐकलंस? उचला आणि निघा. शेलूहून नेरळ किती लांब, गाडीनं लगेच पोचाल.

काय?… नाय! मीठपाणी नाय द्यायचं! कुणी सांगितलं?… मोबाईलवर असेल, नाय तर शेजारणीनं सांगितलं असेल, घरी काय करायचं नाय. मिठानं दुसरंच काय होऊन बसेल. दूध नको, तूप नको, बोट घालायचं नाय घशात. काय ओकवायचं ते डॉक्टरबाई ओकवतील. त्यांचं काम हाय ते. तुझं काम नुसतं उचलून न्यायचं.

मंग? अडलं कुठं?

अगं खेळतंय म्हणून थांबायचं नसतं! आत्ताच सांगितलं ना मी… हं… हं…

काय? रूपेशला एकट्याला पाठवतेस? 'कुत्र्याला फिरवून आणतो' म्हणून?… आणि त्या पोरीला काय सांगणार?… काय नाय सांगणार?…

ललिता, दार लाव त्या सैपाकघराचं आणि नीट सांग मला. कसली भीती वाटतेय तुला?

हं… रसायनीचे… वडील कंपनीत मोठ्या कामावर… हं. जेवणं झाली की तारीख धरणार साखरपुड्याची… आणि कुत्रं त्या पोरीनं बोटभर असल्यापासून वाढवलंय… हं. दुसऱ्या खोलीत ठेवत नाय, कुणाच्या घरी जायचं तर त्याला घेऊनच जाते. आणि तू म्हणालीस, आण, आण, आमाला आवडतात. तुला! तुला आवडतात!… नाय, हसत नाय मी.

कळलं. कळलं गं. होणाऱ्या सुनेच्या जिवाला आपल्या हातानं विष दिलं असं होतंय तुला. वाटतंय, ठरलेलं मोडेल.

आणि?… अजून काय?… नाय, अजून काय तरी हाय. तुझा श्वास मला कळतो, लहानपणापासून ओळखते मी.

…त्यांना काय सांगितलंस माझ्याबद्दल?

आंब्याची बाग?

माझी? आंब्याची बाग?… अगं एक आंबा, दोन चिकू आणि एक पपई! त्या पपईलापण आधार दिलाय बांबूचा!… 'बहिणीची कडावला बाग हाय, ती बागेत गुंतलेली असते, म्हणून आली नाय.' बरं. बरं झालं. छान सांगितलंस.

म्हणून बोलावलं नाय मला. मी आले तर बोलणार. मी बोलले तर कुत्र्यांचंच बोलणार.

नाय, राग नाय… असं कसं नाय, हाय राग. वाईट वाटलं मला. मोठी बहीण हाय मी. रूपेशच्या पहिल्या संक्रांतीला पायलीभर बोरं घेऊन आले होते मी बोरन्हाणाला. वाईट वाटलं, सांगून टाकलं, संपलं. आता ऐक.

तुला वाघ्या आठवतो?

आठवतो ना. मंग.

आंब्याची कोय कुणी टाकली त्याच्यापुढं? मी. आणि बघत कोण उभं होतं? तू. तू पाच वर्षांची होतीस, नटून-थटून बसली होतीस तांदळाच्या कणगीवर. त्यानं ती गपकन गिळली. आपल्याला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तो जेवला नाय. तिसऱ्या दिवशी ओट्याखालनं उठला नाय. बाबा सगळ्यांना विचारत होते, काय खाल्लं रं ह्यानं, कुणी काय घातलं? आणि आपण दोघी?… गप. मार बसेल म्हणून गप. बाबांना कळलं असतं तर बैलांच्या डॉक्टरला तरी बोलावलं असतं. पाचव्या दिवशी गेला तो.

मी अजून दर आंब्याच्या दिवसांत कोय हातात घेतली की… जाऊ दे. तुला काय वाटतं, मी ही कुत्री का सांभाळते? हौस म्हणून? लोकांनी 'कुत्रेवाली' म्हणावं म्हणून? मला ना, त्या वाघ्याला सांगायचं होतं काय तरी. ते सांगते मी रोज. फोडी कापून सांगते.

तेव्हा आपण लहान होतो. आता नाय. तू पन्नाशीला आलीस, सासू होणार. आता तरी गप बसू नको गं.

हो… हो… अगं ऐक ना. लपवून नेलंस आणि कुत्र्याला काय झालं, तर ती पोरगी जन्मभर विचारत राहील, काय खाल्लं ह्यानं, कुणी घातलं. आणि तू जन्मभर तिच्या ताटात वाढत राहशील, मान खाली घालून. सांगितलंस तर आज दोन शब्द बोलतील. बोलू दे. दोन शब्दांनी काय अंगाला भोकं पडत नाय.

जीभ वळत नाय? मंग एक कर. फोन घेऊन बाहेर जा. हॉलमधी. स्पीकर चालू कर आणि फोन मधी ठेव. मी बोलते.

हो, मीच. बागवाली.

जा. उठ. मी धरून हाय फोन.

…ए आल्या, गप! गप जरा. माझं काम चाललंय… अवो, स्कूटीची चावी कुठं हाय?… माझ्या पर्समधी नाय, तुमच्या शर्टात बगा!… आणि डॉक्टरबाईंना म्हणा, तयारी ठेवा, निघालेच समजा…

हं? लागला स्पीकर?… आवाज येतोय सगळ्यांना?

नमस्कार. मी छाया बोलते कडावहून. ललिताची थोरली बहीण. बसा, बसा, उठू नका जेवणावरनं… म्हणजे उठायचंच हाय तुमाला, पण आधी ऐकून घ्या. माझी बाग-बिग काय नाय. मी कुत्री सांभाळते. लोकं फिरायला येतात, त्यांची कुत्री माझ्याकडं असतात, आज नऊ हायत. तेच माझं काम. म्हणून मी सांगते ते ऐका.

भाग्यश्री कोण गं? तू का?… बाळा, मी मावशी. तुझं बिस्किट कुठं हाय?… बिस्किट ना नाव त्याचं? तुझ्या सासूनं आत्ताच सांगितलं… हां, मांडीवर घे त्याला. घाबरू नकोस, आणि ऐक. त्याच्या पोटात सहा द्राक्षं आणि वीसेक बेदाणे गेलेत. प्रसादातनं. ललितानं दिला. आमच्या आईनं शिकवलंय आमाला, घरात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला प्रसाद द्यायचाच. तिनं त्याला घरातला पावणा धरला, म्हणून दिला. शोभेचे बेदाणे पण त्यालाच घातले, तुमच्या वाट्याला नाय ठेवले. कुत्र्याला द्राक्ष चालत नाय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला पायजे होतं. मी गावभर सांगते, दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवते, आणि सख्ख्या बहिणीला सांगायचं राहिलं. तेव्हा चूक धरायची तर अर्धी माझी धरा.

हो… हो बाळा, माहीत हाय तुला द्राक्षाचं? तुला ठाऊक होतं ना? शाब्बास. मंग तुला कळलंच. अजून तास झाला नाय, वेळ हाय हातात. रडायचं ते गाडीत रड. चादरीत गुंडाळ त्याला आणि चपला घाल.

कोण बोलतंय?… नमस्कार, नमस्कार. हो, मीच… नाय, डॉक्टर नाय मी. सातवीपर्यंत शिकलेय… बरोबर हाय तुमचं, अनोळखी बाईच्या फोनवर कसा विश्वास ठेवायचा. ठेवू नका. डॉक्टरांवर ठेवा. नेरळच्या डॉक्टरबाईंना आमच्या मालकांनी फोन केलाय, त्या सलाइन तयार ठेवून वाट बघतायत. तिथं आत शिरलात की उजव्या हाताच्या भिंतीवर बगा, खडूच्या अक्षरातला फोटो हाय. कोंबडीचे पाय. ते माझं अक्षर. वरची ओळ वाचा लाल, आणि मंग माझ्याशी भांडा.

आँ?… निघाली पण?… अनवाणी? अगं चपला घाल म्हणलं होतं… रूपेश! रूपेश, मावशी बोलते रं. गाडी तू चालव, सासऱ्यांना नको चालवू देऊस, त्यांना वाट ठाऊक नाय. पेट्रोल पंप ओलांडला की औषधांचं दुकान, त्याच्यावर जिना. वर गेलं की नाव सांग… कुणाचं काय, माझं! सांग, कडावच्या कुत्रेवाल्या छायाबाईंनी पाठवलंय. पुढं कोण काय विचारणार नाय, सरळ आत घेतील. बोल बघू एकदा. मोठ्यानं बोल… कडावच्या… हां. तशीच लाज न वाटता सांग तिथं.

बेदाण्याचं पाकीट असेल तर घेऊन जा, दाखवायला. आणि वाटेत ओकला तर पुसून टाकू नका, कागदावर घेऊन जा, घाण वाटून घेऊ नका. जा.

…गेले?

ललिता? तू का नाय गेलीस?… घरात देव बसलाय, बरोबर, एकटं ठेवून कसं जाणार. बस मंग देवाजवळ. स्पीकर बंद कर आता… केलास?… हं.

काय म्हणाली ती? पोरगी? जाताना?…

…खरंच?

'आई, तुमी पण चला' म्हणाली? आई म्हणाली?… अगं वेडे, मंग रडतेस कशाला?… आणि तिची आई?… तिथंच हाय? तुझ्याशेजारी?… पाणी आणून दिलं तिनं तुला? तुझ्याच घरात? बरी बाई दिसते. तिला म्हणावं, आमचं घर असंच हाय, गडबडीचं.

नाय, मी सांगू शकत नाय बरं होईल का. खोटं नाय बोलणार तुझ्याशी. पण वेळेत कळलं. वेळेत कळलं की पुष्कळ होतं, डॉक्टरबाई नेहमी म्हणतात. दोन-तीन दिवस ठेवतील, रक्त तपासतील. त्या दिवसांत त्या पोरीला रोज रसायनी-नेरळ पळवू नका. बिस्किट बरं झालं की माझ्याकडं आणा. इथं पपई हाय, आणि म्हातारी हाय सोबतीला. ती शिकवेल त्याला हातातनं कसं खायचं ते.

हो, निघते ना मी. मी नाय जाणार तर कोण? दवाखान्यात मीच लागते, कुत्र्याला धरायला. माझ्या हातात कुत्री शांत होतात गं… बढाई नाय, खरंच होतात! डॉक्टरबाईंना विचार… अवो, हेल्मेट! आणि मी येईपर्यंत आल्याला बांधू नका, बांधलं की भुंकतो. म्हातारीला सावलीत घ्या. आणि त्या कलिंगडाच्या साली उचला आधी, सगळ्या, मोजून!

काय गं?… हॅलो?… हळू बोलू नको, हेल्मेट घातलंय मी…

हां… हां… पुरे. पाया पडायला काय झालं, मोठी असले तरी. पुरे म्हणते ना. चुकलं, कळलं, संपलं. पुढच्या वेळी बाग-बिग सांगितलीस तर मात्र आंब्याच्या पेट्या मागायला येतील लोकं तुझ्याकडं, तेव्हा तूच दे.

ऐक. एक काम कर. माझ्या वाटणीचा प्रसाद काढून ठेव. हो, येते ना, नेरळहून सरळ तुझ्याकडंच येते. पहिल्यांदाच येतेय ना मी तुझ्या नव्या घरात? मंग? प्रसादाशिवाय कशी जाईन?

…अगं नाय! बेदाणे काढू नकोस गं वेडे.

मी माणूस हाय. मला चालतात.

चल, ठेव.